टेबल मोडलं की सुरू होतो तमाशा

गोव्यातल्या मांडवीवरच्या कॅसिनोत असो नाहीतर गावातल्या क्लबात, पोकर टूर्नामेंटचं टेबल मोडलं, म्हणजे खेळाडू कमी झाले म्हणून ते बंद करून उरलेल्यांना दुसऱ्या टेबलांवर पाठवलं, की तेच रडगाणं. 'मित्राशेजारी बसू का?' अहो, सीट ड्रॉनं, म्हणजे चिठ्ठी काढून ठरते! दोस्तांनी ठरवून शेजारी-शेजारी बसू नये म्हणूनच तर ड्रॉ असतो.

दुसरी तऱ्हा बॅलन्सिंगची, म्हणजे टेबलांवरची माणसं सारखी करण्याची. एका टेबलावर नऊ, दुसऱ्यावर सात झाले की पुढच्या डावाला ज्याचा बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी पाळीपाळीनं लावायची सक्तीची मोठी पैज) येणार तोच उठतो आणि तिकडच्या सगळ्यात वाईट जागी, म्हणजे जिथे बिग ब्लाइंड सगळ्यात लवकर येतो तिथे बसतो. कारण साधं आहे: ब्लाइंड चुकवून कुणाला फुकटचा फायदा मिळू नये. तरी साहेब फ्लोअरवाल्याशी (स्पर्धेच्या नियमांचा निवाडा करणाऱ्याशी) वाद घालणार, मग सिगारेट ओढून डुलत डुलत येणार. तोवर बटण (दर डावाला पुढे सरकणारी, ब्लाइंड कुणाचा ते ठरवणारी चकती) पुढे सरकलेलं असतं. टेबल मोडून आलेल्याला मात्र थेट बिग ब्लाइंडवर बसावं लागलं तरी कुरकुर करायची सोय नाही.

चिप्स नेण्याची तर बोंबच. खिशात कोंबून कसले नेता? रॅकमध्ये, सगळ्यांना दिसतील अशा न्यायच्या. बसल्यावर मोठ्या किमतीच्या पुढे, गठ्ठे वीस-वीसचे. मागे लपवलेल्या मोठ्या चिप्स ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला) झाल्यावर बाहेर आल्या की डीलरनं काय करायचं?

आणि डीलरला लागून असलेल्या एक नंबरच्या सीटवरचे महाशय, ते कोपर जरा आवरा. डीलरला पत्ते वाटायचे आहेत. स्पर्धेतून बाद झालेले मित्र खुर्चीमागे उभे राहून पत्त्यांत डोकावतात, त्यांनाही बाहेर काढा.