जबडा 'आजोबांवर गेलाय' म्हणून गप्प बसू नका

पोराचे खालचे दात वरच्यांच्या पुढे आले की घरात निकाल ठरलेला: 'आजोबांवर गेलाय, काय करणार!' दुसरीकडे पंधरा-सोळा वर्षांची पोरं रील बघून जीभ टाळूला चिकटवतायत आणि च्युइंगगम चघळून 'जॉलाइन' कमावतायत. माझ्या मते पहिल्या चुकीनं नुकसान जास्त होतं, कारण तिच्यात वय निघून जातं.

रक्ताचा भाग आहेच. युरोपातल्या हाब्सबर्ग राजघराण्यात पिढ्यानपिढ्या काका-पुतणी, मामा-भाची अशी लग्नं झाली आणि तो जबडा चित्राचित्रांतून दिसतो. २०१९ साली त्या घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं तपासली गेली, तेव्हा पुढे आलेल्या खालच्या जबड्याबरोबर मागे राहिलेला वरचा जबडाही नोंदला गेला. हे महत्त्वाचं, कारण पुष्कळ मुलांत खालचा पुढे 'वाटतो', खरा कमी पडलेला असतो वरचा. आणि वरच्याला लहानपणी पुढे आणता येतं. सात-आठ वर्षांचं मूल असेल तर फेसमास्क, म्हणजे कपाळ-हनुवटीवर टेकून रबरांनी वरचा जबडा पुढे ओढणारी चौकट: दर बाजूला ३०० ते ५०० ग्रॅम ओढ, दिवसाचे १२ ते १४ तास. चौदाव्या वर्षी तोच मास्क जवळपास शोभेचा.

आता नाक. अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढून नाक चोंदलं की तोंड उघडं, जीभ खाली. टाळूला आतून आधार देणारी जीभच नाही, बाहेरून गाल दाबतायत, मग टाळू अरुंद आणि खोल होतो. मूल टीव्हीत रमलं असताना ओठ मिटलेत का बघा. रात्री घोरत असेल तर आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, तारा नंतर.

टाळू रुंदावायची प्लेट बसवली की चावी घरच्यांनाच फिरवावी लागते. एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. चावी भोकात घालायची, घशाच्या दिशेनं पूर्ण ढकलायची, पुढचं भोक दिसलं पाहिजे. घोळ होतो तो चावी काढताना: ती पुढे ओढली की स्क्रू उलटा फिरतो आणि मेहनत वाया. चावी मागेच ठेवून खाली काढा. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते, आई घाबरून फोन करते. ती फट म्हणजे टाळूचा सांधा उघडल्याची खूण. फट आपोआप मिटू लागली म्हणून प्लेट काढायची घाई मात्र नको, नवं हाड भरायला काही महिने लागतात.

खालचा जबडा मुलग्यांमध्ये अठराच्या आसपासपर्यंत, कधी त्यापुढेही वाढतो. घराण्यातूनच आलेला असेल तर मास्क लावूनही पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं.