कामगारांची मूळ कागदपत्रे कपाटात ठेवायला सांगणाऱ्या संदेशाबद्दल

आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर कोकणातील बागायतदारांच्या आणि नौकामालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून ‘सर्व मालकांसाठी तातडीची सूचना’ असे शीर्षक असलेला एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याखाली कोणत्याही कार्यालयाचे नाव नाही, आदेशाचा क्रमांक नाही आणि तारीखही नाही. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत. नव्या कायद्यामुळे नेपाळी माणसाला व्हिसा आणि कामाचा परवाना असल्याशिवाय कामावर ठेवता येत नाही. ज्याच्याकडे आधार कार्ड आहे तो भारतीय, ज्याच्याकडे नाही तो बांगलादेशी समजावा. प्रत्येक कामगाराचे मूळ ओळखपत्र हंगाम संपेपर्यंत मालकाने आपल्या ताब्यात ठेवणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास मालकाला पाच वर्षे तुरुंगवास होईल. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही मालक हेच करतात. शेवटी, खातरजमेसाठी कामगारांच्या आधार कार्डांचे फोटो गटात टाकावेत.

एरवी असल्या संदेशांकडे मी दुर्लक्ष करतो. परंतु राजापूर तालुक्यातील माझ्या मावसभावाने हा मजकूर सरकारी हुकूम समजून, त्याच्या बागेच्या राखणीसाठी दरवर्षी नेपाळमधून येणाऱ्या जोडप्याची नागरिकता प्रमाणपत्रे आणि आधार कार्डे काढून घेतली आणि घरच्या कपाटात कुलूपबंद केली. हा माणूस आपल्या गड्यांना उपाशी ठेवणारा नाही, मजुरी बुडवणारा तर नाहीच. कायदा पाळतो आहोत अशा प्रामाणिक समजुतीने त्याने हे केले, आणि म्हणूनच हा संदेश मला अधिक घातक वाटतो.

त्यामुळे मूळ कागदपत्रे ताब्यात ठेवण्याचाच मुद्दा आधी घेतो. खाजगी मालकाने कामगाराचे मूळ ओळखपत्र हंगामभर स्वतःजवळ ठेवावे, असे सांगणारा एकही कायदा भारतात नाही. ओळखपत्र तपासणे म्हणजे ते पाहणे, त्यावरील छायाचित्र समोरच्या माणसाशी ताडून बघणे, आवश्यक तेवढी नोंद करणे आणि ते त्याच्या हातात परत देणे. मूळ कागद कपाटात गेल्याने तपासणीत कोणती भर पडते, हे संदेश लिहिणाऱ्याला सांगता येणार नाही, कारण कागद खरा आहे की खोटा हे तो पाहिल्याबरोबर कळते किंवा कळत नाही. कुलपात ठेवून ते अधिक कळत नाही. कुलपाने साधते ते इतकेच, की कामगाराला निघून जाता येत नाही.

बागेतला व्यवहार कसा चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. हंगामाआधी उचल दिली जाते, मधल्या काळात खर्चापुरते पैसे मिळतात आणि पुरा हिशेब आंबा उतरल्यावर होतो. या व्यवस्थेत मुळातच कामगाराची बाजू दुबळी असते. तिच्यात मूळ कागदपत्रे मालकाकडे गेली, तर आजारी मुलासाठी मध्येच गावी जाणे, दुसऱ्या बागेत बरी मजुरी मिळत असेल तर तिकडे जाणे, किंवा मारहाण झाली तर सरळ निघून जाणे, यांतले काहीही त्याला करता येत नाही. वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम १९७६ नेमक्या याच स्थितीबद्दल बोलतो. घेतलेल्या उचलीच्या मोबदल्यात ज्याला दुसरीकडे काम करण्याचे किंवा भारतात कोठेही मुक्तपणे जाण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागते, त्याचे श्रम या कायद्याच्या व्याख्येत वेठबिगारीचे ठरतात. ती उचल वेठबिगारीचे कर्ज आहे असे कामगाराने म्हटले, तर तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते, आणि वेठबिगारीचे काम करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी ११ लक्षणे नोंदवली आहेत, त्यांतही ओळखपत्रे काढून घेणे हे एक स्वतंत्र लक्षण आहे. केवळ कागद ठेवले म्हणून प्रत्येक बागायतदार लगेच गुन्हेगार ठरतो असे मी म्हणत नाही. पण ज्या तुरुंगाची भीती हा संदेश घालतो, त्याच्या दिशेने मालकाला नेणारी वाट त्यानेच दाखवलेली आहे.

हे आपल्याला परके वाटण्याचेही कारण नाही. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतील हजारो कुटुंबांतले कोणी ना कोणी आखाती देशांत राबून आलेले आहे. विमानतळावर उतरल्यावर मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार अडवला आणि घरी मयत झाले तरी येता आले नाही, या कहाण्या त्या घरांत सर्वांना माहीत आहेत. कामगाराचा पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवल्यास दंड, अशी तरतूद कतारला २०१५ च्या कायद्यात करावी लागली, त्याची वेळ का आली असेल याचा विचार या संदेशाला ‘महत्त्वाचे’ म्हणून पुढे पाठवणाऱ्यांनी करावा. आपल्या माणसांवर परदेशात झालेला जो अन्याय आपण अन्याय म्हणून सांगतो, तोच कोकणातल्या बागेत सुव्यवस्था कसा ठरतो?

नौकांच्या बाबतीत तर ही सूचना निव्वळ अविचारी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली, ती खोल समुद्रात नौका तपासताना माणूस जागेवरच ओळखता यावा म्हणून. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून निघालेल्या नौकेवरच्या खलाशाचे ओळखपत्र मालकाच्या घरी कपाटात असेल, तर तटरक्षक दलाने किंवा सागरी पोलिसांनी विचारल्यावर त्या खलाशाने दाखवायचे काय, आणि तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, उत्तर द्यायचे काय? सुरक्षेच्या नावाने दिलेला हा सल्ला सुरक्षेचीच व्यवस्था मोडतो.

जमिनीवरही धोका कमी नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि त्या राज्याने त्यांच्या नागरिकत्वाची कागदपत्रे पुढे केल्यावर त्यांना परत आणावे लागले. आजच्या काळात मजुराच्या खिशातला कागद ही त्याची शेवटची ढाल आहे, आणि हा संदेश नेमकी तीच काढून घ्यायला सांगतो.

आता नेपाळी कामगारांच्या ‘परवान्या’कडे वळतो. इथे एकच दस्तऐवज पुरेसा आहे. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देश एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता, व्यापार-उदीम आणि संचार यांबाबत परस्परतेच्या तत्त्वावर आपल्या नागरिकांसारख्याच सवलती देतात. याच कराराच्या आधारे नेपाळी माणूस कोकणात बागेची राखण करतो, मुंबईत इमारतीवर पहारा देतो, आणि याच आधारे भारतीय माणूस काठमांडूत दुकान चालवतो. हा करार आजही लागू आहे.

संदेशातला ‘नवा कायदा’ म्हणजे १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा असावा, कारण वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्या परदेशी व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. ती शिक्षा बेकायदा प्रवेश करणाऱ्यासाठी आहे. गड्याचे आधार कार्ड कपाटात न ठेवणाऱ्या बागायतदाराचा तिच्याशी काहीही संबंध नाही. शिवाय या कायद्याबरोबरच निघालेल्या सूट देणाऱ्या आदेशात नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना, ते आपापल्या सीमेवरून जमिनीने किंवा हवाई मार्गाने येत असतील तर, पासपोर्ट आणि व्हिसाच्या अटीतून स्पष्टपणे वगळले आहे. कायद्यातला एक आकडा उचलायचा, त्याच वेळचा सूट देणारा आदेश दडवायचा आणि दोन्हींच्या मध्ये मालकाला उभे करायचे, अशी ही कारागिरी आहे. ज्या देशाच्या नागरिकांनी १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली, त्यांना देवगडची आंब्याची कलमे राखायला मात्र परवाना लागतो, हे पुढे पाठवण्यापूर्वी एकाही माणसाला खटकू नये याचा मला मनापासून खेद वाटतो.

आधार कार्डाविषयीचा दावा दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. आधार हे निवासाशी जोडलेले ओळखपत्र आहे. आधार अधिनियम २०१६ च्या नवव्या कलमात, आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा ठरत नाही, असे स्वच्छ लिहिलेले आहे. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकते, आणि म्हणून माझ्या मावसभावाकडच्या जोडप्याकडे नेपाळचे नागरिकता प्रमाणपत्र आणि आधार ही दोन्ही असण्यात काहीच गौडबंगाल नाही. उलट, आधार नाही म्हणून माणूस परदेशी ठरत नाही. झारखंड, बिहार, ओडिशा किंवा कर्नाटकातून आलेल्या भारतीय मजुराला कोकणात काम करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. भारतात कोठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क त्याला संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे. मालदा किंवा मुर्शिदाबादचा माणूस बंगालीत बोलतो, एवढ्यावरून त्याला बांगलादेशी ठरवण्याचा अधिकार बागायतदाराला नाही आणि मुकादमालाही नाही.

एक गोष्ट मात्र, कितीही नाखुशीने का होईना, मान्य करावी लागते. कामावर ठेवलेला माणूस कोण आहे, कोठून आला आहे, याची माहिती मालकाजवळ असावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि प्रशासनाने किंवा पोलिसांनी बाहेरून आलेल्या कामगारांची माहिती ठाण्यात देण्याचा आदेश काढला असेल तर तो पाळायलाच हवा. या किनाऱ्यावर ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या स्फोटकांनी पुढे मुंबईत काय केले, हे आपण विसरलेलो नाही. पण त्या खटल्यात शिक्षा झालेल्यांत कस्टम्स आणि पोलिस खात्यातील माणसेही होती. तो माल कोणा राखणदाराचे आधार कार्ड तपासायचे राहून गेले म्हणून उतरला नव्हता, आणि गरीब कामगाराचे कागद कुलपात ठेवल्याने तसा माल पुन्हा उतरायचा थांबणारही नाही.

तसेच उचल घेऊन गडी पळून जातो, ही मालकांची तक्रारही खोटी नाही. अशा फसवणुकीने पोळलेले बागायतदार मी पाहिलेले आहेत. त्यावरचे उपाय सरळ आहेत. उचल लेखी द्यावी, शक्यतो बँकेमार्फत द्यावी, एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने द्यावी आणि मजुरी दर महिन्याला चुकती करावी, म्हणजे दोन्ही बाजूंना मोठी रक्कम अडकून पडत नाही. ओळख पटवण्यासाठी आधारवरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपने कामगारासमोर, त्याच्या संमतीने स्कॅन करावा. कार्ड बनावट असेल तर ते तिथल्या तिथे उघड होण्याची शक्यता बरीच असते. नोंदीसाठी प्रत हवीच असेल तर क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रत मागावी. नेपाळी कामगाराकडे आधार नसेल तर त्याचे नागरिकता प्रमाणपत्र पाहावे, नाव, जिल्हा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा आणि कागद त्याला परत द्यावा. हे सगळे एका माणसामागे काही मिनिटांचे काम आहे.

अमेरिका आणि इंग्लंडचा दाखला तर वाचवत नाही. त्या देशांत मालकाने कामगाराचा काम करण्याचा हक्क तपासणे खरोखरच सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये बेकायदा कामगार ठेवल्याबद्दल फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच चुकीला एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु तिथली तपासणी म्हणजेसुद्धा कागद पाहणे, आवश्यक तर प्रत ठेवणे आणि मूळ कागद परत देणे, एवढेच आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार भरायच्या आय-९ नमुन्यासाठी मान्य कागदांपैकी कोणते दाखवायचे हे कामगार ठरवतो, आणि त्याच्या मूळ देशाकडे पाहून जादा कागद मागणाऱ्या मालकावर भेदभावाची कारवाई होऊ शकते. ज्यांचा दाखला दिला, त्यांचा नियम तरी वाचायचा होता.

राहता राहिला फोटो गटात टाकण्याचा सल्ला. कोणाचाही आधार क्रमांक असा चारचौघांत प्रसिद्ध करण्यास आधार अधिनियमानेच मनाई केलेली आहे, आणि शेकडो अनोळखी लोकांच्या गटात कार्डाचा फोटो टाकल्याने कसलीही खातरजमा होत नाही. त्या कामगाराच्या नावाने परस्पर सिम कार्ड किंवा कर्ज काढू पाहणाऱ्याची सोय तेवढी होते. ज्यांनी असे फोटो टाकले असतील त्यांनी ते सर्वांच्या फोनवरून पुसले जातील अशा रीतीने काढून टाकावेत, गटप्रमुखांनी मूळ संदेशही काढून टाकावा, आणि ज्यांच्या कपाटात कोणाची मूळ कागदपत्रे असतील त्यांनी ती आजच त्या त्या माणसाच्या हातात परत द्यावीत.