उनपदेवचं पाणी डोंगरच राखतो

"उनपदेवचं पाणी पाताळातल्या ज्वालामुखीने तापतं, वरच्या जंगलाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मग यावल अभयारण्यासारखी बंधनं तिथे कशाला? रिसॉर्ट होऊ द्या, सांधेदुखीचे, कुष्ठरोगाचे रोगी बरे होतील, आदिवासींना रोजगार मिळेल." उनपदेव म्हणजे जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला गरम पाण्याचा झरा आणि त्याचं कुंड. चोपडा-यावलकडे त्याबद्दलचा हा दावा मेसेजमधून सर्रास पुढे पाठवला जातोय. तो चुकीचा आहे आणि घातकही.

सातपुड्यात जिवंत ज्वालामुखी नाही. भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर आहे. आपल्या काळ्या पाषाणाचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत एक किलोमीटर उतरलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं, आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात खडकाला खोलवर भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं, तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं.

मग जंगलाशी संबंध नाही कसा? झऱ्याला पाणी पावसाचंच. उतारावर झाडं आणि पालापाचोळा असला तर ते थबकतं, मुरतं. उघड्याबोडक्या डोंगरावरून नाल्यांनी थेट तापीत जातं. पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरणाऱ्या पाण्यावरच रावेर-यावलच्या केळीच्या विहिरी चालतात. केळीवाल्यांनी तरी हा मेसेज पुढे पाठवू नये. कुंडाभोवती कुंपण घालून भागत नाही, वरचा डोंगर राखावा लागतो.

रिसॉर्ट आला की बोअर आले. न्यूझीलंडच्या रोटोरुआत घरांनी-हॉटेलांनी बोअर मारून गरम पाणी उपसलं, तशी तिथली उष्ण कारंजी आणि झरे मंदावले. 1980च्या दशकात सरकारला पोहुतू कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करावे लागले, तेव्हा कुठे ती सावरू लागली.

रोगांचं म्हणाल तर गरम पाण्याने दुखऱ्या सांध्यांना आराम पडतो, तेवढंच. कुष्ठरोग औषधानेच बरा होतो आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

राहिला आदिवासींचा रोजगार. 1972च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यातही लोकांचे हक्क चालू ठेवण्याची तरतूद आहे, आणि 2006चा वनहक्क कायदा तिथेही लागू आहे. पावरा, बारेला, तडवी कुटुंबांची खरंच काळजी असेल, तर त्यांचे वनहक्काचे दावे निकाली काढायला जोर लावा आणि ग्रामसभेला विचारा. रिसॉर्टमधली वेटरची नोकरी हा त्या हक्कांचा मोबदला होत नाही.