टोचन, धक्का आणि पेट्रोलची बाटली : ‘कुणाला काही झालं नाही’ हे खरं नाही

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. चाळीस-पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातल्या फोर्ड उचलून हॉट रॉड, म्हणजे वजन घटवून वेगासाठी सुधारलेल्या गाड्या, बनवत. सेल (स्टार्टर) लागत नसेल तर दोराने टोचन करत किंवा धक्का मारत, तरीही सुरू झाली नाही तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतत. कुणाला काही झालं नाही, कारण गाड्या अस्सल लोखंडाच्या होत्या, वेग बेताचा होता. आणि अशा धाडसातूनच खरे मेकॅनिक घडले.

मला हॉट रॉड मनापासून आवडतात. १९३२च्या फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन, फ्लॅटहेड व्ही-एट, सुरू होताना ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणूनच हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

‘कुणाला काही झालं नाही’ हे त्या काळातल्या हॉट रॉडवाल्यांनाच पटलं नसतं. कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवणाऱ्या क्लबांनी १९३७ साली एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली, ती पोरांच्या शर्यती रस्त्यावरून हलवून नियमांखाली आणायला. १९५४पासून त्यांचं ‘सेफ्टी सफारी’ नावाचं पथक गावोगाव फिरून सुरक्षित शर्यती कशा भरवायच्या ते शिकवत होतं. सगळं आलबेल असतं तर ही खटपट कुणी केली असती?

लोखंडाचं म्हणाल तर २००९ साली अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवल्या. बेल एअरची केबिनच चेपली. तिच्यात चालक असता तर त्याचं वाचणं कठीण होतं. मालिबूचा चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता. हॉट रॉडची तर त्याहून वाईट गत, कारण वजन घटवायला मडगार्ड आणि बंपर काढलेले, छत कापून बुटकं केलेलं. फोर्डला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) ब्रेक आले १९३९च्या मॉडेलपासून. त्याआधी सगळा खेळ दांड्यांवर आणि केबलवर.

आता टोचन. इथे मी माझ्या अनुभवाचं बोलतो. ऐंशीच्या दशकात शिकायला कॅलिफोर्नियात होतो. मित्राकडे १९३१च्या फोर्ड मॉडेल एची हॉट रॉड होती, मूळच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. सेल अडकलेला. पंधरा फुटांचा दोर, पुढे पिकअप, आणि रॉडमध्ये मी. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिनाच्या ओढीने मागची चाकं एकदम धरली, रॉड मंदावली, पिकअप मात्र तशीच पुढे. दोर ताणला, रॉडच्या पुढच्या पट्टीवरचा हूक उखडला आणि पिकअपच्या मागच्या काचेतून आत गेला. मित्राचा धाकटा भाऊ क्षणभरापूर्वीच त्या बाजूने सरकला होता. तो आवाज मी विसरलेलो नाही.

हिशेब करून पाहा. दोन्ही गाड्या हजार-हजार किलोंच्या आणि वेगात फरक ताशी दहा किलोमीटर एवढाच धरला, तरी दोराला झेलावा लागणारा झटका दहा किलोचं वजन सहा मजल्यांवरून पडावं तेवढा असतो. शिवाय इंजिन सुरू झालंच तर ओढलेली गाडी उसळी घेऊन पुढच्या गाडीवर जाते. पुढच्याला ते दिसत नाही, मागच्याला क्लच दाबायला उशीर होतो, सैल पडलेला दोर चाकाखाली जातो. ‘वेग बेताचा होता’ या वाक्यात यातलं काहीच बसत नाही.

धक्क्याबाबत मात्र मजकुरात तथ्य आहे. तळ्यांवरच्या शर्यतीच्या गाड्या खरोखर मागून ट्रकने ढकलून सुरू करत. पण त्यासाठी ट्रकला पुढे खास दांडा बसवलेला असे, खुणा ठरलेल्या असत आणि समोर मैलोगणती मोकळी सपाटी असे. गल्लीतल्या धक्क्याला हे उदाहरण लावता येत नाही.

पेट्रोल ओतणं तर निव्वळ जिवाशी खेळ. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) चुकलं किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला की इंजिन कार्बोरेटरमधून उलटा भडका मारतं, आणि नेमकं तिथेच ओतणाऱ्याचं तोंड असतं, हातात उघडी बाटली. मॉडेल एमध्ये तर दहा गॅलनच्या आसपासची टाकी डॅशबोर्डमागे, जवळजवळ गुडघ्यांवर. भडका तिथवर पोचला तर उतरायलाही वेळ नाही.

‘यातूनच मेकॅनिक घडले’ याचं उत्तर त्याच गाडीने दिलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आधी एक स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या ब्लॉकला टेकवला आणि मला इंजिन हाताने फिरवायचं हँडल मारायला लावलं. ठिणगी नव्हती. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर पॉइंटमधली, म्हणजे आतल्या उघडमिट करणाऱ्या संपर्कांमधली, फट पार मिटलेली. मैलभर टोचन केली असती तरी ती गाडी सुरू झाली नसती. त्यांनी पॉइंट घासले, मापाच्या पातीने फट बसवली, ठिणगी उशिरा पडेल असा स्टिअरिंगजवळचा दांडा लावला. मग मला हँडल धरायची पद्धत दाखवली : अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा फटका दिला तरी हात सुटतो. गावी काकांनी ॲम्बॅसडरला हँडल मारताना मला हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.