रंगीत टीव्ही, कामारेना आणि एक फॉरवर्ड

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. १९४० साली मेक्सिकोतल्या गिलेर्मो गोन्झालेस कामारेना या २३ वर्षांच्या तरुणाने एकट्याने रंगीत टीव्ही शोधला. तोवर जगाने टीव्हीवर रंग पाहिलाच नव्हता. अमेरिकी कंपन्यांनी कल्पना ढापली आणि आज घरोघरचा रंगीत टीव्ही तिच्यावरच चालतो. ‘नासा’लाही व्हॉयेजर यानासाठी शेवटी त्यांचंच यंत्र लागलं. खाली ‘हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत’ हे ठरलेलं शेपूट.

माणूस खरा आहे आणि कर्तबगारही. जन्म १९१७, ग्वादालाहारा. ऑगस्ट १९४० मध्ये मेक्सिकोत पेटंटचा अर्ज, सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेचं पेटंट, क्रमांक २२९६०१९. पुढे मेक्सिको सिटीतलं चॅनल ५ त्यांनी उभं केलं आणि १९६३ मध्ये त्यावरून रंगीत कार्यक्रमही दाखवले. एवढं खरं असताना मेसेजवाल्याला पदरचं घालायची गरज का पडली, कळत नाही.

‘तोवर जगाने टीव्हीवर रंग पाहिलाच नव्हता.’

३ जुलै १९२८ रोजी लंडनमध्ये स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांनी रंगीत चित्र दाखवलं, तेव्हा कामारेना ११ वर्षांचे होते. बेअर्डच्या यंत्रातल्या फिरत्या चकतीवर भोकांची तीन वलयं होती. एकावर लाल, एकावर हिरवी, एकावर निळी काच. चित्र अगदी भरड, पण रंगीत. पुढच्याच वर्षी, जून १९२९ मध्ये, अमेरिकेत बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या हर्बर्ट आइव्ह्ज यांनी तीन रंगांचे तीन वेगळे सिग्नल पाठवून ५० रेषांचं चित्र जुळवून दाखवलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये तर बेअर्डनी क्रिस्टल पॅलेसहून डॉमिनियन थिएटरच्या मोठ्या पडद्यावर १२० रेषांचं रंगीत चित्र हवेतून पाठवलं.

‘एकट्याने शोधला, अमेरिकेने चोरला.’

पेटंट उघडून पाहिलं तर ते टीव्ही संचाला लावायच्या जोडयंत्राचं आहे. कॅमेऱ्यापुढे लाल-हिरव्या-निळ्या काचांची चकती फिरते, प्रेक्षकाच्या पडद्यापुढे तशीच दुसरी, आणि दोन्ही एका लयीत. आता गंमत अशी की १९४० च्या त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये सीबीएस या टीव्ही कंपनीचे पीटर गोल्डमार्क हेच दाखवत होते. दोघांचं मूळ तत्त्व एकच, आणि बेअर्डची चकती तेव्हा १२ वर्षांची झालेली. इतक्या कमी अंतराने कोणी कोणाकडून उचललं म्हणायचं?

‘आजचा टीव्ही त्याच तत्त्वावर चालतो.’

सगळ्यात चुकीचं वाक्य हे. फिरत्या चकतीला प्रत्यक्ष प्रक्षेपणात संधी मिळाली होती, आणि तिथेच ती आपटली.

चकतीच्या पद्धतीत तिन्ही रंग एकामागून एक येतात. डोळ्याला ते एकत्र वाटायचे तर वेग प्रचंड हवा. अमेरिकेचा कृष्णधवल टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रेखाटायचा. सीबीएसला त्यासाठी १४४ वेळा रेखाटावा लागला. तेवढी माहिती चॅनलच्या ठरलेल्या पट्ट्यात मावेना, म्हणून रेषा ५२५ वरून ४०५ वर आणल्या. परिणाम: लोकांच्या घरातल्या संचांवर हे रंगीत प्रक्षेपण काळं-पांढरंसुद्धा दिसेना.

तरीही ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सीबीएसच्या बाजूने कौल दिला. प्रतिस्पर्धी कंपनी आरसीए सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे १९५१ मध्ये हरली. २५ जून १९५१ ला पूर्व किनाऱ्यावरच्या पाच शहरांत पहिलं व्यावसायिक रंगीत प्रक्षेपण झालं. त्या वेळी देशात एक कोटीहून अधिक संच होते, आणि जवळजवळ सगळ्यांवर तो कार्यक्रम दिसला नाही. न दिसणाऱ्या कार्यक्रमाला जाहिरातदार किती दिवस पैसे देणार? ऑक्टोबरात सीबीएसने गाशा गुंडाळला. कोरियातल्या युद्धासाठी सरकारने रंगीत संचांचं उत्पादन थांबवायला सांगितलं हे कारण पुढे झालं. माझ्या मते सीबीएसला ती सुटकाच वाटली असणार.

मग जिंकलं काय? १७ डिसेंबर १९५३ ला मंजूर झालेली एनटीएससी पद्धत. तिचं बीज जॉर्जेस वालांसी या फ्रेंच इंजिनिअरच्या १९३८ च्या पेटंटमध्ये आहे: उजेडाची माहिती वेगळी ठेवा आणि रंगाची वेगळी. जुना संच उजेड तेवढा वाचतो आणि काळं-पांढरं चित्र दाखवतो. नवा संच रंगही वाचतो. एनटीएससीत रंग त्याच सिग्नलमध्ये, ३.५८ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर बसवला. पडद्याचा प्रश्न आरसीएच्या शॅडो मास्क ट्यूबने सोडवला. तीन इलेक्ट्रॉन झोत, आत भोकांची पत्र्याची जाळी, समोर तीन रंगांचे ठिपके. फिरणारं काहीच नाही. १ जानेवारी १९५४ ला पॅसाडीनाची रोझ परेड देशभर रंगीत गेली. आरसीएचा पहिला संच १००० डॉलरना, म्हणजे लोक बराच काळ काळं-पांढरंच पाहत राहिले, पण पाहू शकत होते.

हल्लीच्या सपाट पडद्यांवरही तिन्ही रंग शेजारी-शेजारी एकाच वेळी उजळतात. फिरती चकती आज हवी असेल तर ती काही डीएलपी प्रोजेक्टरांत सापडेल.

‘नासाने व्हॉयेजरवर कामारेनांचंच यंत्र वापरलं.’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. चकतीचा टीव्ही कॅमेरा अंतराळात खरंच गेला, पण अपोलो १० वर, मे १९६९ मध्ये. वेस्टिंगहाउसने तो बनवला होता. तीन ट्यूबांचा कॅमेरा अवजड, शिवाय तिन्हींची चित्रं तंतोतंत जुळवत बसावं लागतं. एक ट्यूब आणि एक चकती हलकी पडते. रंग जोडून नेहमीचा एनटीएससी सिग्नल बनवायचं काम पृथ्वीवरच्या यंत्रांवर सोडलं होतं.

व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यातही काचांचं चाक होतं, पण तो स्थिरचित्रं काढत होता. वेगवेगळ्या काचांतून घेतलेली चित्रं पृथ्वीवर एकत्र करून १९७९ मध्ये गुरूचे रंगीत फोटो तयार झाले. ही युक्ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच, टीव्हीचा पत्ता नसताना, फोटोंवर करून दाखवली होती.

‘भारतात एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि जुने संच निकामी झाले.’

हे मेसेजच्या देशी आवृत्तीत जोडलेलं. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं. एशियाड १९ नोव्हेंबरला. रंगासाठी जोर लावणारे माहिती व प्रसारण मंत्री वर्ध्याचे खासदार वसंत साठे होते. आणि संच निकामी कसे होतील? आपण घेतलेली पाल पद्धत, टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांची, एनटीएससीचीच सुधारलेली बहीण. कृष्णधवल संचावर एशियाड व्यवस्थित दिसलं, फक्त रंगाविना. ज्यांना तेवढंही खपेना ते काचेवर पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत प्लास्टिकचा कागद लावत: वर निळा, खाली हिरवा. खेळाडूचा चेहरा निळ्या पट्ट्यात गेला की तो निळा व्हायचा, एवढीच अडचण.