सोमालियात ‘सगळे एकच’? मग जरीर कोण?

‘सोमालियात सगळे एकाच वंशाचे, एकाच भाषेचे, एकाच धर्माचे, तरी आपसांत लढतात.’ हे वाक्य आपल्याकडे कित्येक वर्षं पुढे पाठवलं जातंय. अनेक सोमालीही त्याचा पहिला भाग अभिमानाने सांगतात आणि वर जोडतात, की तिथले नदीकाठचे बांटू शेतकरी मूळचे बाहेरचे, गुलामगिरी केव्हाच संपली, त्यांनाही सत्तेत वाटा आहे, ‘सोमाली बांटू’ ही ओळख तर परदेशी मदतसंस्थांनी काढली. यातला एकेक मुद्दा मला तपासायचा आहे, कारण या वाक्यांत जी माणसं गाळली जातात त्यांनी त्यापायी जीव गमावले आहेत.

आधी ‘एकच वंश’. दक्षिण सोमालियात जुब्बा आणि शबेले या नद्यांच्या काठी मका आणि तीळ पिकवणारा एक समाज आहे, हेच बांटू. पूर ओसरला की खोलगट रानात राहिलेल्या ओलीवर ते पेरतात. आजूबाजूची पशुपालक कुळं त्यांना ‘जरीर’ म्हणतात, म्हणजे राठ, घट्ट कुरळ्या केसांचे. आणि स्वतःला ‘जिलेअ’, मऊ केसांचे. कातडीच्या रंगात फारसा फरक नसतो, म्हणून माणूस केसांवरून आणि नाकावरून वेगळा काढायचा. भांडणात याहून कडवट शब्द येतात. ‘अदोन’ म्हणजे सरळ सरळ गुलाम. ‘ओजी’ हा इटालियन ‘ओज्जी’, म्हणजे ‘आज’, यावरून आला असं मानतात: आजच्यापलीकडचा विचार न करणारा, असा टोमणा. एकच वंश असता तर इतके शब्द लागले नसते.

मोठ्या कुळांतले लोक यांच्याशी बेटीव्यवहार करत नाहीत. सप्टेंबर 2018 मध्ये मोगादिशूत एका बांटू तरुणाने मोठ्या कुळातल्या मुलीशी लग्न केलं, तर मुलीच्या नातेवाइकांनी त्याच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला जिवंत जाळलं. दोन्ही घरं मुसलमान होती. धर्म एकच, हे खरं आहे. पण त्या माणसाला त्याने वाचवलं नाही. आणि बेटीव्यवहाराची बंदी एकट्या बांटूंवर नाही. लोहारकाम करणारे तुमाल, शिकार आणि चामड्याचं काम करणारे मधिबान दिसायला आणि बोलायला सोमालीच आहेत, तरी त्यांच्याही घरी कुणी मुलगी देत नाही. जातीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

भाषेचा दावाही टिकत नाही. 2012 च्या हंगामी राज्यघटनेनेच सोमाली भाषेची माय आणि महा अशी दोन रूपं नोंदली आहेत, आणि महा बोलणाऱ्याला माय सहज कळत नाही. जुब्बाच्या खालच्या अंगाला काही घरांत झिगुला ही बांटू भाषा अजून बोलली जाते.

आता ‘बाहेरचे’. सगळे बांटू बाहेरून आलेले नाहीत. शबेलेकाठचे शिद्ले यांच्यासारखे काही गट तिथले जुने शेतकरी आहेत. बाकीच्यांचे पूर्वज 19 व्या शतकात आजच्या टांझानिया, मोझांबिक, मलावी या भागांतून आले. ‘आले’ म्हणणं चूक आहे, त्यांना आणलं गेलं. याओ, मकुआ, न्यासा, झिगुआ अशा लोकांना झांझिबारच्या बाजारातून मेर्का, बरावा या बंदरांत उतरवलं आणि नदीकाठच्या मळ्यांवर जुंपलं. (त्या झांझिबारी व्यापारात कच्छी सावकारांचं भांडवल होतं. पोर्तुगिजांनी मोझांबिकहून अशीच माणसं गोव्यात आणली. हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. म्हणून हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.)

झिगुआंची आठवण अशी, की दुष्काळात काम देतो म्हणून त्यांना गलबतात बसवलं आणि बरावाला नेऊन विकलं. पुढे वानाखुचा नावाच्या एका द्रष्ट्या बाईच्या मागून ते मळ्यांवरून पळाले. घर दक्षिणेला, म्हणजे समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. पण ते जुब्बाकाठच्या दाट जंगलात थांबले, रान तोडून गावं वसवली. जंगल म्हणजे गोशा, म्हणून ते वागोशा. शतकाच्या अखेरीस नासिब बुंडो हा त्यांचा मोठा पुढारी झाला. इटालियनांनी त्याला पकडलं आणि तो 1906 साली तुरुंगात मेला. जंगल तोडून ज्यांनी ती जमीन लागवडीला आणली, दीडशे वर्षं जी कसली, ते ‘बाहेरचे’ कधीपर्यंत राहायचे?

गुलामगिरी संपली म्हणतात. कायद्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली, पण इटलीच्या फॅसिस्ट राजवटीत याच लोकांना केळी-कापसाच्या मळ्यांवर वेठीला धरलं. स्वातंत्र्यानंतर 1975 च्या कायद्याने सगळी जमीन सरकारची झाली. कागद करून घेणं ज्यांना राजधानीत जमत होतं, त्यांनी जुब्बाकाठच्या कसत्या जमिनी आपल्या नावावर चढवल्या. अनेक बांटूंनी शेजारच्या कुळाचं नाव लावलं होतं, संकटात कुळ पाठीशी राहील या भरवशावर. 1991 साली हुकूमशहा सियाद बारे पडला, टोळ्या आल्या, आणि कुळ पाठीशी राहिलं नाही. आपल्याकडच्या पेवांसारखी जमिनीखालची धान्याची कोठारं टोळ्यांनी उकरून नेली. पुढच्या दुष्काळात नदीकाठी, शेतकऱ्यांच्याच गावांत, माणसं भुकेने मेली.

‘त्यांनाही सत्तेत वाटा आहे’ हे मात्र खरं आहे. तो वाटा 2000 साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत ठरला: चार मोठ्या कुळांना एकेक हिस्सा, उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. पुढे 2004 साली आलेल्या 275 जणांच्या सभागृहात चौघांना प्रत्येकी 61 जागा आणि बांटूंसकट सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून 31. अर्धा हा शब्द मी टीका म्हणून वापरत नाही. सूत्राचं नावच ‘साडेचार’ आहे.

नाव मदतसंस्थांनी रुळवलं, हेही खरं. 1991 नंतर निर्वासितांच्या कामात ‘सोमाली बांटू’ हा शब्द पसरला. पण नाव नवं म्हणून माणसं नवी होत नाहीत. ‘अदोन’ ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ‘बांटू’ जवळचं का वाटावं, हे त्या शब्दातच आहे: अनेक बांटू भाषांत त्याचा अर्थ ‘माणसं’. केनियातल्या दादाब छावणीतही त्यांच्यावर हल्ले होत राहिले, आणि अखेर त्यांच्यातल्या सुमारे 12,000 जणांना अमेरिकेने वसवून घेतलं. ओळख मदतसंस्थांनी बनवली असती, तर छावणीतल्या हल्लेखोरांना ती आधीपासून कशी माहीत होती?

शेवटचा दावा उलट बाजूचा आहे, आणि तोही मला तितकाच खटकतो: सोमाली आणि बांटू यांचं वैर रक्तातच आहे. सीमा ओलांडून केनियात बघा. तिथे किकुयू, लुह्या, कांबा असे बांटू भाषिक बहुसंख्य आहेत आणि सोमाली अल्पसंख्य. तिथे 1984 साली वगाल्लाच्या धावपट्टीवर सुरक्षा दलांनी शेकडो सोमाली पुरुषांना मारलं. 1989 साली सोमालींना, केवळ सोमालींना, नागरिकत्व तपासून वेगळं कार्ड घ्यायला लावलं. एप्रिल 2014 मध्ये नैरोबीच्या ईस्टलीतून हजारो जणांना उचललं आणि त्यातल्या कित्येकांना कसारानीच्या स्टेडियममध्ये कोंडलं. रक्त तेच, फक्त बंदूक आणि शिक्का दुसऱ्याच्या हातात.

तो मजकूर तुमच्याकडे पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: ‘एकाच वंशाचे’ म्हणताना जुब्बाकाठचे लोक मोजलेत का?