मेणबत्ती लावा म्हणाली म्हणून

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आज सव्वीस जानेवारी 2026. शाळेच्या ग्रुपवर पहाटेपासून तिरंगे, संविधानाची उद्देशिका, बाबासाहेबांचे फोटो. छान वाटलं, खरंच. मग मी हाँगकाँगची एक बातमी टाकली. चाउ हँग-तुंग नावाच्या बॅरिस्टर बाईवर 22 तारखेपासून खटला सुरू झालाय, 2021 पासून ती तुरुंगात आहे, एवढंच लिहिलं होतं. लगेच उत्तर आलं, "आपल्याला काय करायचंय? आपलं आपल्याला थोडं आहे का?" आणि त्याखाली अंगठेच अंगठे. ज्यांच्या शेजारी बसून नागरिकशास्त्र घोकलं त्यांचे.

काय करायचंय ते सांगते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं हाँगकाँगला होतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. 2019 च्या 4 जूनला आमच्या मजल्यावरच्या एक आजी मला व्हिक्टोरिया पार्कला घेऊन गेल्या. त्यांचं इंग्रजी जेमतेम, माझं कँटोनीज त्याहून कमी. तिन हाउ स्टेशनातून बाहेर पडलो तर माणसांचा नुसता लोंढा, पण कुठे धक्काबुक्की नाही. फुटबॉलच्या मैदानांवर सगळे खाली बसलेले. आजींनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून अंथरलं, माझ्या हातात पांढरी मेणबत्ती दिली आणि तिला खालून कागदाचा कोन कसा लावायचा ते दाखवलं, म्हणजे मेण हातावर ओघळत नाही. शेजारी ऑफिसातून तसाच आलेला एक मुलगा, टाय सैल केलेला. पुढे एक बाप, मांडीवर पेंगलेली पोरगी. 1989 साली बीजिंगमध्ये लष्कराने मारलेल्या विद्यार्थ्यांसाठी, कामगारांसाठी ही सगळी माणसं आली होती. 1990 पासून दर वर्षी येत होती.

सभा संपल्यावर लोक घरी पळाले नाहीत. खाली वाकून फरशीवर सांडलेलं मेण खरवडायला लागले. आजींनी त्यासाठी घरून एक जुनी पट्टी आणली होती. मला नीट जमेना तेव्हा माझ्या हातातून पट्टी घेऊन त्यांनी माझ्याही पुढची जागा साफ केली.

ही सभा भरवणाऱ्या संघटनेची चाउ हँग-तुंग उपाध्यक्ष. जन्म 1985 चा. केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकली, भूभौतिकीतली पीएचडी अर्धी टाकून परत आली आणि वकील झाली. कोणाचीही मुलगी असती तर आपण पेढे वाटले असते.

2020 साली कोविडचं कारण सांगून सभेवर बंदी आली. 2021 सालीही आली. तिने लिहिलं की बंदी असली तरी मेणबत्ती लावा, जिथे असाल तिथे लावा. 4 जूनच्या सकाळीच तिला उचललं. तेव्हा जामीन मिळाला, पण सप्टेंबरात पुन्हा पकडलं, ती आजतागायत बाहेर आलेली नाही. मधल्या काळात बेकायदा सभेसाठी एक शिक्षा, लोकांना सभेला यायला चिथावलं म्हणून दुसरी, पोलिसांनी मागितलेली माहिती दिली नाही म्हणून तिसरी. आणि आता मोठा आरोप, राज्यसत्ता उलथवण्यासाठी चिथावणी. दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ज्युरी नाही, सरकारने राष्ट्रीय सुरक्षेसाठी नेमलेल्या यादीतले तीन न्यायाधीश. आरोपाचा गाभा काय, तर "एकपक्षीय हुकूमशाही संपवा" ही संघटनेची मागणी. जी मागणी तीस वर्षं भर चौकात, पोलिसांच्या देखत होत होती!

राज्यसत्ता उलथवायला निघालेली माणसं मी बघितली आहेत. ती फरशीवरचं मेण खरवडत होती. पट्टीने.

हो, मान्य आहे, तिथली न्यायालयं अगदीच मेलेली नाहीत. माहिती न दिल्याची ती शिक्षा मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानेच रद्द केली. पण तोवर ती शिक्षा भोगून झाली होती त्याचं काय? गेलेले महिने कोण परत देणार? 2020 साली बीजिंगने तिथे लादलेल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात जामिनाचा नियमच उलटा आहे. आरोपी पुन्हा धोका निर्माण करणार नाही असं न्यायाधीशाला पटलं तरच जामीन, नाहीतर खटला उभा राहीपर्यंत बसा आत. ती जवळजवळ साडेचार वर्षं बसली आहे आणि खटला आत्ता कुठे सुरू होतोय. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने 2023 मध्येच सांगितलं की तिची कैद मनमानी आहे, सोडा तिला. कोण ऐकतो?

आपल्याकडेही कच्चे कैदी वर्षानुवर्षं सडताहेत, हे मला सांगायला येऊ नका. माहीत आहे. त्यांच्यासाठीही ओरडते मी, आणि तेव्हाही अंगठे दाखवणारे हेच असतात.

एक गोष्ट वाचली तेव्हा मात्र राग बाजूला राहिला आणि तिचं फार कौतुक वाटलं. तुरुंगात पुरुष कैद्यांना उन्हाळ्यात अर्धी चड्डी चालते, बायकांना मात्र दिवसा पूर्ण लांबीची पँट सक्तीची. हाँगकाँगचा उन्हाळा मी काढलाय, जूनमध्ये भिंतींना घाम फुटतो. या मुलीने आतून त्या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं. स्वतःवर दहा वर्षांची टांगती तलवार असताना सगळ्या बायका कैद्यांच्या कपड्यांसाठी भांडतेय! वकिली रक्तात असणं म्हणजे हेच ना? आपल्याकडे आणीबाणीत मिसाखाली आत टाकलेल्यांसाठी काळा कोट घालून उभे राहिलेले वकील आठवा. तारकुंडेंसारख्यांची नावं आपल्या घरांत आदराने घेतली जातात. मग ही कोण परकी?

ती देश सोडून जाऊ शकली असती, हेही खरं. पुष्कळ जण गेले, आणि त्यांनाही मी नावं ठेवणार नाही.

आता त्या पार्कात 4 जूनच्या सुमारास काय असतं माहीत आहे? 2023 पासून बीजिंगधार्जिण्या संघटना तिथे चीनच्या प्रांतोप्रांतीच्या खाद्यपदार्थांची जत्रा भरवतात. जिथे आजींनी वर्तमानपत्र अंथरलं होतं तिथे स्टॉल. बाहेर रस्त्यावर पोलीस, कोणाच्या हातात फूल दिसलं तरी बाजूला घेतात. मला जत्रेचं वावडं नाही हो. पण इतकी मैदानं असताना हेच, आणि वर्षाचे इतके दिवस असताना हेच? संताप होतो.

आजी आता कशा आहेत ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचं नावही लिहिणार नाही, आणि त्याचं कारण सांगते. मे 2024 मध्ये तिथल्या नव्या सुरक्षा कायद्याखाली पहिली अटक झाली ती फेसबुकवरच्या पोस्टसाठी. 4 जूनची आठवण करून देणाऱ्या पोस्ट. पकडलेल्यांत आधीच तुरुंगात असलेली चाउ हँग-तुंग होती, आणि तिची आईसुद्धा. फेसबुक पोस्टसाठी! मी आत्ता जे करतेय त्यासाठी!

मला एवढंच म्हणायचंय की तिला सोडा. तिच्याबरोबर आरोपी असलेल्या ली चुक-यान यांना सोडा, गुन्हा कबूल केलेल्या सत्तरी पार केलेल्या अल्बर्ट हो यांनाही सोडा. आरोपच मागे घ्या.

हाँगकाँगमध्ये अजून राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, या पोस्टला लाइक करू नका, खाली काही लिहू नका. बोलावंसं वाटलं तर इकडे सुट्टीला याल तेव्हा घरी या. बाकी सगळ्यांनी शेअर करा, आणि तिचं नाव पूर्ण लिहा. चाउ हँग-तुंग.